एका हिंग्याची दोन नावं

मित्रांनो, मी एक वाळून खडखडीत झालेला पट्टेदार हिंगा आहे. लांबीला तुमच्या करंगळीच्या नखाहून थोडा मोठा, पाठीवर पिवळे-काळे पट्टे, मान बारीक आणि डोकं त्या मानाने मोठं. सहा पायांपैकी चारच उरले आहेत. तुमच्याकडे बाजरीच्या कणसांवर जे हिंगे बसतात, त्यांचा मी दूरचा भाऊबंद. पण बाजरी मी कधी पाहिली नाही. माझा जन्म ओक्लाहोमातला, वॉशिटा नदीच्या बाजूच्या तांबड्या मातीतला. सध्या माझा मुक्काम एका काचेच्या बरणीत आहे. बरणीत पूर्वी रानटी प्लमचा जॅम होता आणि झाकणाला अजून त्याचा वास येतो.

बरणीच्या तळाशी मी गप्प पडलेला दिसतो, पण त्यावर जाऊ नका. माझ्या जातीला चैन म्हणून नाही. जगलो तोवर एका फुलावर दोन घटका बसलो नाही, आणि मेल्यावर तर जीव आणखीच तळमळला. मेलेल्याची कसली तळमळ, असं तुम्हाला वाटेल. तेच तर सांगायचं आहे.

आईने मातीत बोटभर खोल बीळ केलं, त्यात अंडी घातली, माती लोटली आणि ती निघून गेली. आम्ही दीडएकशे भावंडं होतो. अंड्यातून निघालो ते धावतच. तेव्हा मी पांढुरका, लांब पायांचा, केसाएवढा किडा होतो आणि पोटात आग पडली होती. आमचं खाणं एकच. नाकतोड्यांच्या माद्या जमिनीत अंड्यांचे पुंजके पुरून ठेवतात, ते हुडकायचे. सापडलं तर जगायचं, नाही सापडलं तर काही दिवसांत संपायचं. मी ढेकळांखालून, मुळांमधून, मुंग्यांच्या वाटा चुकवत पळत राहिलो. माझी बरीच भावंडं वाटेतच गेली. मला चौथ्या दिवशी पुंजका सापडला. त्यात आधीच एक हिंग्याचं पोर शिरलेलं होतं. आमची झोंबाझोंबी झाली आणि मी उरलो. त्याबद्दल मला अभिमान नाही, पण खोटं कशाला सांगू?

एकदा खायला मिळाल्यावर माझं रूपच पालटलं. कात टाकली आणि लांब पाय गेले. मी गुबगुबीत, आळशी अळी झालो. नाकतोड्याची अंडी एकामागून एक फस्त केली. मित्रांनो, ती सगळी अंडी फुटली असती तर शेतात काय धुमाकूळ झाला असता याचा हिशेब कोणी मांडत नाही. जमिनीखाली केलेल्या कामाची शाबासकी मिळत नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

मग थंडी आली. मी अंगाभोवती कडक कवच केलं आणि आत पडून राहिलो. वर बर्फ पडलं, वितळलं, वारे सुटले. एखाद्या वर्षी पाऊस रुसला तर आमच्यातले काही आणखी एक हिवाळा तसेच काढतात. मला तेवढा धीर नव्हता. जूनमध्ये माती तापली तसा मी कवच फोडलं, आणखी दोनदा कात टाकली आणि जुलै लागताना पंख घेऊन वर आलो.

बाहेर पाहतो तर सगळं शेत जांभळं! लसूणघास फुलला होता. मला वासाने वेड लागायची पाळी आली. आम्ही हिंगे एकेकटे राहत नाही. एकाला फुलं सापडली की दुसरा येतो, मग दहावा, मग शंभरावा. शेताच्या कडेला, बांधाजवळ, एका मोठ्या पलंगाएवढ्या जागेत आमचा हजारांचा मेळा भरला. पलीकडचं सगळं शेत मोकळं आणि आम्ही तिथेच एकमेकांच्या पाठीवर. फुलं खायची, उठायचं, पुढच्या फुलावर जायचं.

आता माझ्या रक्ताबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण त्याचंच आहे. आम्हाला नांगी नाही, जबड्यात जोर नाही, पंखांवरची झाकणं कातड्यासारखी मऊ. कोणी चिमटीत धरलं तर आम्ही गुडघ्यांतून रक्ताचे थेंब सोडतो. ते पिवळसर थेंब जिथे लागतात तिथे फोड येतो. एकदा एका पाखराने मला चोचीत धरलं आणि लगेच थुंकून टाकलं. नंतर ते कितीतरी वेळ कुंपणाच्या तारेवर चोच घासत बसलं होतं. हे विष आम्हा नरांच्या अंगात तयार होतं. लग्नात आम्ही ते मादीला आंदण देतो आणि ती ते अंड्यांना चोपडते, म्हणजे मुंग्या अंड्यांजवळ फिरकत नाहीत. मीही दिलं. एरवी जीव मुठीत घेऊन पळणाऱ्या माझ्यासारख्याला वाटलं, आपण पोरांसाठी काहीतरी मागे ठेवलं. पूर्वी माणसं आमची पूड औषधात वापरत. अजूनही डॉक्टर लोक चामखिळीवर आमच्या विषाचा थेंब लावतात. म्हणजे हातात कोणाच्या आहे त्यावर विषाचं नाव ठरतं.

आता माणसांकडे वळतो.

शेत व्हर्लिन उन्रूचं. चौऱ्याहत्तर वर्षांचा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्याचे पणजोबा या मातीत गहू पेरायला आले आणि तेव्हापासून हे घराणं रविवारी चर्चमध्ये आणि बाकीचे दिवस शेतात. व्हर्लिनच्या वडिलांचा एक नियम होता: अर्धं शेत जांभळं झाल्याशिवाय लसूणघासाला यंत्र लावायचं नाही, म्हणजे चारा भरघोस निघतो. व्हर्लिनने तो नियम कधी मोडला नाही. मात्र वडिलांचं यंत्र त्याने बदललं. जुनं यंत्र नुसतं कापायचं. घास आडवा पडला की आमच्यासारखे उठून चालू लागायचे. नव्या यंत्राला दोन रबरी रूळ होते. कापलेला घास त्यांच्यामधून चेपून निघे, देठ फुटत आणि चारा एक दिवस आधी वाळे. वादळी पावसाच्या मुलखात एक दिवस म्हणजे फार झाला. व्हर्लिन त्या यंत्राचं कौतुक जावयाचं करावं तसं करायचा.

त्याची मुलगी ट्विला चाळिशीची. बारा वर्षं अमारिलो गावात शाळेची बस चालवत होती. फेब्रुवारीत व्हर्लिनच्या कमरेचं हाड मोडलं, तेव्हा ती परत आली. येताना पिकअपच्या मागे गाडा जोडून तिने आपली घोडीही आणली. घोडीचं नाव निकेल. सोळा वर्षांची, राखाडी, नाण्यासारखी चकचकीत.

ट्विला बारा वर्षं घरी का आली नव्हती, हे मला नंतर बरणीत बसून कळलं. पण तुम्हाला आताच सांगतो, नाहीतर पुढचं उमगायचं नाही. निकेलची आई रूबी. रूबी ही व्हर्लिनच्या बायकोची, लिओटाची घोडी. लिओटा वारली तेव्हा तिच्या मागे रूबीच राहिली होती. एका उन्हाळ्यात रूबीच्या पोटात दुखू लागलं आणि दोन दिवसांत ती गेली. आदल्या संध्याकाळी ट्विलाने तिला फेरफटक्यानंतर ओट जास्त घातले होते. घोड्याला दाणा जास्त झाला तर पोटशूळ होतो, हे सगळ्यांना ठाऊक. व्हर्लिन दुःखाने वेडापिसा झालेला. रविवारी चर्चच्या मागच्या अंगणात, जेवणाची टेबलं मांडलेली असताना, सगळ्यांच्या देखत तो बोलून गेला की या पोरीने आईची घोडी मारली. ट्विलाने हातातली ताटली खाली ठेवली, रूबीची पोर गाड्यात चढवली आणि निघून गेली. त्यानंतर व्हर्लिनने घोडा पाळला नाही. चारा गुरांच्या मालकांना विकायचा. गुरं दणकट पोटाची असतात.

परत आल्यापासून दोघं कामाचं तेवढं बोलत. रूबीचं नाव कोणी काढत नव्हतं. व्हर्लिन तबेल्याच्या दारापर्यंत यायचा, निकेलकडे बघायचा आणि काठी टेकत परत जायचा. त्याला माफी मागायची होती असं मला वाटतं, पण त्या माणसाला तसले शब्द सापडत नसत.

जुलैत घास फुलला. मागल्या साली नाकतोडे अमाप झाले होते, त्यामुळे आम्हीही अमाप झालो होतो. व्हर्लिन यंत्रावर बसून आला. शेताच्या कडेला त्याने आमचा मेळा पाहिला. त्याने यंत्र थांबवलंसुद्धा. मित्रांनो, त्या घटकेला सगळं टळू शकलं असतं. ट्विला मागून पाणी घेऊन आली होती. तिने विचारलं, काय झालं?

"काही नाही, बटाटकिडे आहेत," व्हर्लिन म्हणाला. "इथे बटाटे कुठेत? उडून जातील."

त्याच्या आजीने, आईने, बायकोनेही आम्हाला बटाटकिडेच म्हटलं होतं. जुन्या काळी आम्ही परसातल्या बटाट्यांच्या पाल्यावर तुटून पडायचो म्हणून ते नाव. बटाट्यांशिवाय बटाटकिडा म्हणजे त्याच्या लेखी बिनकामाचा पाहुणा. त्याने यंत्र सुरू केलं.

पुढचं सांगताना माझे उरलेले चार पाय आताही आखडतात. दाते सळसळत आले, घास कोसळला, मी उडायला पंख उघडले आणि रुळांनी मला आत ओढलं. उजेड गेला. चेपलेल्या देठांचा हिरवा वास आणि माझ्या भाऊबंदांचं रक्त. मी चारही बाजूंनी चिकटलो आणि मेलो.

मेलो, पण विष मेलं नाही. ते उन्हात उडत नाही, वाळत नाही, महिनोन्‌महिने तसंच राहतं. तीन दिवसांनी गासड्या बांधल्या गेल्या. आमचा सगळा मेळा, पलंगाएवढ्या जागेतला, एका गासडीत आला. मी कडेला होतो, सुतळीच्या बाजूला, त्यामुळे मला बाहेरचं दिसत होतं.

त्या दिवशी एवढं ऊन होतं की ट्विलाने बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि हातमोजे काढून टाकले. गासड्या छातीशी धरून ती गाडीवर चढवत होती. आमची गासडी उचलताना तिचा घामेजला कोपर माझ्या शेजारच्यावर दाबला गेला. व्हर्लिन काठीने गासड्या निवडत होता. त्याने आमच्यावर काठी ठेवली.

"ही बाजूला काढ. सगळ्यात हिरवी आहे. पानं, फुलं शाबूत."

"कोणाला द्यायची?"

व्हर्लिनने टोपी काढली, परत घातली. "तुझ्या घोडीला."

 ट्विलाने गासडी खांद्यावर घेतली आणि स्वतः तबेल्यात नेऊन ठेवली. जाताना ती हसत होती. बारा वर्षांत बापाने निकेलचं नाव काढलं नव्हतं, नावाने नाही तरी आज तिच्यासाठी काहीतरी वेगळं काढलं होतं. ज्या गासडीत त्याचा सगळा पश्चात्ताप बांधलेला होता, तीतच आम्ही होतो. मला ओरडता आलं असतं तर मी घसा फाडून ओरडलो असतो. पण हिंग्याला आवाज नसतो आणि मेलेल्याला तर नसतोच.

सकाळ झाली. तबेल्याबाहेर लॉनी प्रुइट आला होता. हा नालबंद, व्हर्लिनच्याच वयाचा, कमरेला चामड्याचा पदर बांधलेला आणि तोंड सतत चालू. तो पूर्वी टेक्सासात रहायचा, आणि त्या गोष्टीवरून व्हर्लिन त्याला येता-जाता टोमणे मारायचा. निकेल बाहेर खांबाजवळ उभी होती. लॉनी तिचे खूर कापत होता, ट्विला दोर धरून उभी होती. व्हर्लिन काठी टेकत तबेल्यात शिरला. आजवर दारापर्यंतच येणारा तो पहिल्यांदाच आत आला होता. त्याने खिशातला चाकू काढून आमची सुतळी कापली, गासडीचा एक जाड थर सोडवला आणि गव्हाणीत टाकला. हाताने तो सैल केला, वरखाली केला, जणू अंथरूण घालत होता. मी सगळ्यात वर आलो.

बाहेर लॉनी बोलत होता. "हे काय गं, स्टोव्हला मिठी मारलीस की काय?"

ट्विलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रात्रीतून फोडांची ओळ आली होती. पाण्याने भरलेले, टपोरे. ती म्हणाली की डॅडी म्हणतात सुतळीने घासलं असेल, पण तिला तसं वाटत नाही. लहानपणी असाच एक फोड मानेवर आला होता. आईच्या परसात तिने एक किडा मानेवर चिरडला होता. त्यानंतर आई सगळ्यांच्या हातात विलोच्या काठ्या द्यायची. किडे काठीने हाकलायचे, हात लावायचा नाही.

"कसले किडे?" लॉनीने विचारलं.

"बटाटकिडे," व्हर्लिन आतूनच म्हणाला. "कापणीच्या दिवशी शेताच्या कडेला होते की. ढीगभर."

लॉनीने हातातला खूर खाली सोडला. कामाच्या मध्येच खूर सोडणारा तो माणूस नव्हता. "पट्टे होते?"

"बटाटकिड्याला पट्टे असतातच."

"पिवळे-काळे? मान बारीक?"

"लॉनी, तू नाल ठोक. किड्यांचं मला शिकवू नकोस."

"व्हर्लिन, आम्ही टेक्सासात त्याला फोडकिडा म्हणतो."

"फोडकिडे टेक्सासातच असतात," व्हर्लिन म्हणाला. "वर्तमानपत्रात वाचलंय मी. घोडे मरतात त्याने. इथे ते नाहीत. इथे बटाटकिडे आहेत."

मित्रांनो, बघा ही गंमत. व्हर्लिनला बटाटकिडा सत्तर वर्षं माहीत होता. फोडकिडा घोडा मारतो हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी त्याच्याच डोक्यात, शेजारी-शेजारी, आणि त्यांची कधी ओळख झाली नव्हती. लॉनीने ट्विलाचा हात उचलून त्याला दाखवला आणि विचारलं की मग हे काय बटाट्याने केलं?

या वादात निकेलकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ट्विलाच्या हातून दोर सुटला होता. तीन खूर झाले होते आणि चौथ्याची निकेलला पर्वा नव्हती. तिला हिरव्या घासाचा वास आला. ती शांतपणे वळली, ओळखीच्या दारातून आत आली आणि व्हर्लिनच्या खांद्यावरून तिने मान गव्हाणीत घातली.

तिचा श्वास माझ्यावर आला. गरम, ओला. मऊ ओठ घास चाचपू लागले. घोडे निवडून खातात, एखादं नको ते पान बाजूला सारतात. मी मनात म्हणालो, बाई, मला सार, मला सार. तिने मला सारलं नाही. माझ्यासकट एक भरगच्च घास ओठांत धरला. मी एका देठाला चिकटून अर्धा आत, अर्धा बाहेर. दात खाली आले. आयुष्यभर मी खाल्लं जाऊ नये म्हणून विष जपलं होतं, आणि आता खाल्लं जाणार म्हणून मी त्याच विषाला शिव्या देत होतो.

"डॅडी, तिला थांबवा!"

व्हर्लिन थांबवू शकला नाही. त्याची काठी घासात अडकली होती. ट्विला धावत आली, उजव्या हाताने निकेलचा जबडा धरला आणि डावा हात कोपरापर्यंत तिच्या तोंडात घातला. घोडीने डोकं वर झटकलं, ट्विला भिंतीवर आदळली, पण जबडा सोडला नाही. तिने लाळेने भिजलेला घास मुठीने बाहेर ओढून जमिनीवर फेकला. परत हात घातला, जिभेखालून, गालातून, शेवटची काडी निघेपर्यंत. त्या पहिल्याच मुठीत मी होतो. मी तबेल्याच्या फरशीवर पडलो आणि तिच्या बुटापासून बोटभर अंतरावर थांबलो.

लॉनीने निकेलला बाहेर नेलं आणि पाईपच्या पाण्याने तिचं तोंड धुतलं. मग त्याने गासडी तबेल्याच्या दारात लावलेल्या पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवली आणि चिमट्याने थर झटकले. आम्ही पडू लागलो. आधी दोन-चार, मग टपटप, मग सडा. फळी पट्ट्यापट्ट्यांची झाली. व्हर्लिन बघत राहिला. लॉनीचा आवाज एकदम खाली आला होता. तो म्हणाला की टेक्सासात त्याने असा एक घोडा गमावलेला आहे, स्वतःचा. दाणा कमी, चारा चांगला, तरी पोटशूळ. आणि एक विचित्र खूण.

"पाण्याच्या टाकीत तोंड घालून उभा होता. दिवसभर. पीत नव्हता, नुसतं तोंड पाण्यात. आतून सगळं भाजलेलं असतं ना."

 मी फरशीवरून फक्त व्हर्लिनचे बूट बघत होतो. ते हळूहळू मागे सरकले आणि तो उलट्या बादलीवर बसला.

"रूबी तशीच उभी होती," तो म्हणाला.

ट्विला भिंतीला टेकून हात पुसत होती. तिचा हात थांबला.

"त्याच उन्हाळ्यात मी हे यंत्र आणलं," व्हर्लिन म्हणाला. त्याला शब्द एकेक करून उपसावे लागत होते. "पहिली कापणी. सगळ्यात हिरवी गासडी मी रूबीला घातली होती. तुझे ओट नव्हते ते, ट्विला. माझं गवत होतं."

तुम्हाला वाटत असेल की आता ट्विला बापाच्या गळ्यात पडली. तसं काही झालं नाही. तिला राग आला होता, बारा वर्षांचा, आणि तो तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. ती म्हणाली, "आधी डॉक्टरला फोन करा." आणि निकेलजवळ जाऊन उभी राहिली.

जनावरांचा डॉक्टर आला, नळीने घोडीच्या पोटात औषध घालून गेला आणि सांगून गेला की संध्याकाळपर्यंत डोळ्यात तेल घालून बघत रहा. तो दिवस संपता संपेना. निकेल टाकीकडे गेली की तिघं हातातलं काम टाकून बघायचे. दुपारी तिने पाण्यात तोंड घातलं. व्हर्लिन बादलीवरून उठला, काठी विसरून. घोडीने चार घोट घेतले, तोंड बाहेर काढलं, ओठ झटकले आणि व्हर्लिनच्या सदऱ्यावर पाणी उडवलं. ती पीत होती. नुसती पीत होती. व्हर्लिनने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच ठेवून रडला. तेव्हा ट्विला त्याची काठी घेऊन त्याच्याजवळ आली.

फरशी झाडताना मी तिला सापडलो. तिने मला दोन काड्यांनी उचलून जॅमच्या बरणीत टाकलं. ती गासडी आणि त्या कडेच्या सगळ्या गासड्या त्यांनी जाळून टाकल्या. माझे सगळे भाऊबंद त्यात गेले. मी एकटाच राहिलो.

रविवारी व्हर्लिनने बरणी कोटाच्या खिशात घातली. मी आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये गेलो. प्रार्थना, गाणी, प्रवचन, सगळं खिशातल्या अंधारात ऐकलं आणि व्हर्लिनचं काळीज माझ्याही वरताण धडधडताना ऐकलं. मग मागच्या अंगणात टेबलं मांडली गेली. लोक तळलेली कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड ताटलीत घेत होते. व्हर्लिन उभा राहिला. मोठ्याने बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून लोक आपोआप गप्प झाले.

"बारा वर्षांमागे मी याच जागी म्हणालो होतो की ट्विलाने रूबीला मारलं," तो म्हणाला. "ते खोटं होतं. मी मारलं. ह्याने." आणि त्याने बरणी पुढच्या माणसाच्या हातात दिली.

मी हातोहात फिरलो. म्हातारे चष्मे वर करत, बायका बरणी उजेडाकडे धरत. प्रत्येकजण तेच म्हणायचा, अरे, हा तर बटाटकिडा. आणि प्रत्येकाला व्हर्लिन उत्तर द्यायचा, हो, आणि हाच फोडकिडा. दहा जणांना दहा वेळा. त्याला कंटाळा आला नाही. टेबलाच्या टोकाला एक बाई होती, तिच्याकडे दोन शिंगरं होती. तिने बरणी बघितली, ताटली तशीच ठेवली आणि न जेवता गाडीकडे पळत गेली. ट्विला तिच्या मागे धावली, चारा कसा झटकायचा ते दाखवायला.

आता उन्रूंच्या शेतात घास कळी धरायच्या आत कापतात. व्हर्लिनने वडिलांचा नियम मोडला आणि रूळही काढून टाकले. कापणीच्या आदल्या दिवशी बाप-लेक विलोच्या काठ्या घेऊन शेताच्या कडेने चालतात. माझ्या जातीचा मेळा दिसला की लिओटा हाकलायची तसा हाकलतात. हिंगे उठतात, जरा दूर जाऊन बसतात, परत उठतात. त्यांना कोणी चिरडत नाही. पुढच्या साली मातीत त्यांची पोरं नाकतोड्यांच्या अंड्यांमागे धावतीलच.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. यंत्र चालवण्याआधी एकदा पायी फिरून या. जे दिसेल त्याला नाव ठेवून मोकळे होऊ नका, शेजाऱ्याला विचारा की तो त्याला काय म्हणतो. माणसाच्या चुकीलाही कधी कधी चुकीचंच नाव पडतं आणि ते बारा वर्षं पुसलं जात नाही.

माझी बरणी तबेल्याच्या खिडकीत, निकेलच्या गव्हाणीच्या वर असते. बरणीवर ट्विलाने कागद चिकटवला आहे आणि त्यावर माझी दोन्ही नावं लिहिली आहेत. रोज सकाळी व्हर्लिन चारा झटकतो, एकेक थर, उजेडात धरून. झाला की वर माझ्याकडे बघतो आणि मगच घोडीला हाक मारतो. निकेल येते, ओठांनी घास चाचपते. मी काचेतून बघत राहतो आणि तिचा पहिला घास पोटात जाईपर्यंत मला अजूनही चैन पडत नाही.